लॉनवरचं सगळंच पाणी दव नसतं

न्यू जर्सीत जून-जुलैच्या सकाळी लॉनवर चमकणारं सगळंच पाणी दव नसतं. हवेतली वाफ गार पात्यावर जमते ते दव. पण पात्याच्या अगदी टोकाला टपोरा थेंब दिसला, तर तो मुळांच्या दाबामुळे गवतानेच बाहेर टाकलेला असतो. त्यात साखर आणि अमिनो आम्लं असतात, म्हणजे बुरशीला आयता नाश्ताच! पाती तासन्‌तास ओली राहिली की ‘डॉलर स्पॉट’चे वाळक्या रंगाचे डाग पडू लागतात. त्यामुळे संध्याकाळी पाणी घालू नका, ओल रात्रभर टिकते. पहाटे घाला, गवत तेव्हा ओलंच असतं, शिवाय टोकाचे थेंब धुऊन जातात. गोल्फच्या मैदानांवर तर माळी सकाळी लांब काठी फिरवून दव झाडतात.