बांबूचा वर्ग कोणता?

भात-ज्वारीच्या कुळातला बांबू वनस्पतिशास्त्रात गवत आहे. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाने मात्र त्याला झाडांत बसवले. त्या कायद्यात तोडलेले झाड म्हणजे इमारती लाकूड, आणि इमारती लाकूड कुठेही उगवलेले असो, ते वनोपज. त्यामुळे शेताच्या बांधावरचा मानवेल बांबूसुद्धा परवान्याच्या कक्षेत आला.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये याला वारसा म्हणतात: वरच्या वर्गाचे नियम खालच्याला आपोआप लागू. हाती आलेले ऑब्जेक्ट कोणत्या वर्गाचे, हे दोन तऱ्हांनी विचारता येते. पायथनमधले ‘टाइप’ नेमका वर्ग सांगते. ‘इजइन्स्टन्स’ उपवर्गही धरते. मानवेल हा बांबूचा उपवर्ग केला असेल, तर ‘नेमका बांबूच का?’ याला उत्तर नाही, ‘बांबूपैकी का?’ याला हो. डाल आणि न्यूगोर या नॉर्वेच्या जोडीने सिम्युला ६७ या भाषेत या दोन प्रश्नांसाठी ‘इज’ आणि ‘इन’ असे वेगळे शब्द ठेवले होते. बहुतेक वेळा दुसराच प्रश्न उपयोगी पडतो.

खरा धोका प्रश्नांच्या क्रमात असतो. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले, पण झाडांतले त्याचे नाव तसेच राहिले. ‘झाड आहे का?’ ही तपासणी आधी लिहिली, तर उत्तर ‘हो’ येते आणि गौण वनोपजाच्या ओळीपर्यंत प्रोग्राम पोचतच नाही. प्रत्यक्षातही असेच घडले. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडला. ही दिरंगाई मला आजही अन्यायाची वाटते.

म्हणून जाणते प्रोग्रामर ‘तू झाड आहेस का?’ असे जागोजागी विचारत नाहीत. ‘तुला परवाना लागतो का?’ एवढेच विचारतात. उत्तर प्रत्येक वर्ग स्वतः देतो. नियम बदलला, तर दुरुस्ती एकाच जागी. वर्गाची तपासणी शोभते ती वेशीवर, बाहेरून फाइल किंवा अर्ज आत येतो तिथे.

२०१७च्या दुरुस्तीने झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला. शेतातला सुटला, जंगलातून आणलेला मात्र वनोपजच राहिला. आता प्रश्न उगमाचा आहे, आणि उगम हा वर्ग नव्हे, ऑब्जेक्टचा गुणधर्म आहे. त्यासाठी ‘शेतबांबू’ असा नवा उपवर्ग काढू नये. त्या गुणधर्माची नोंद वाचावी.