बोटभर अंतरावरचा सूर्य

डिसेंबर २०२४ मधली रविवारची सकाळ. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मुलांची रांग लागली होती. चार घरांनी वर्गणी काढून घेतलेली सूर्य पाहायची छोटी दुर्बीण तिवईवर उभी होती. तिचं वस्तुभिंग अवघं ४० मिलिमीटर रुंदीचं आणि नाभीय अंतर ४०० मिलिमीटर. एकेक पोर नेत्रभिंगाला डोळा लावायचं आणि ओरडायचं, "काका, सूर्याच्या कडेला ज्वाला दिसतेय!"

रांगेत शेवटी आप्पा होते. वय ऐंशीच्या पुढे, जन्म कारखान्यात लेथवर गेलेला. ते कसेबसे वाकले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मला नुसतं लाल दिसतंय रे." त्यांच्या डोळ्याचा पडदा आता साथ देत नाही. मोठ्या पडद्यावर दाखवलं, तरच त्यांना काही दिसणार. म्हणून कॅमेरा जोडून चित्र लॅपटॉपवर आणायचं ठरलं.

या ज्वाला पाहण्यासाठी पूर्वी खग्रास ग्रहणाची वाट पाहावी लागे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून त्यांचा वर्णपट तपासला. त्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांना वर्णपटदर्शकातून ज्वालांचा माग काढता आला. आमच्या दुर्बिणीतली गाळणी तेच काम वेगळ्या रीतीने करते. हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश तेवढा आत सोडते, बाकीचा अडवते.

नेत्रभिंग काढून तिथे कॅमेरा बसवला. पडद्यावर लाल गोळा आला, पण कापसासारखा पुसट. फोकसचं बटण फिरवलं तशी कडा थोडी आवळली आणि तेवढ्यात बटण अडलं. कॅमेरा आणखी आत जायला हवा होता. पण त्याची नळी आधीच टेकली होती.

असं होतं, कारण ही दुर्बीण मुळात डोळ्याने पाहण्यासाठी बेतलेली असते. भिंगाने गोळा केलेले किरण नळीच्या तोंडाजवळच एकत्र येतात. नेत्रभिंगाला तेवढं पुरतं. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र त्याच्या पोटात खोल असतो. आमच्यासारख्या छोट्या कॅमेऱ्यात तो पुढच्या कडेपासून १७.५ मिलिमीटर आत आहे. भिंगं बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याला जोडकडं लावलं, की हेच अंतर साधारण ५५ मिलिमीटर होतं. चित्र अलीकडे तयार होतं आणि सेन्सर पलीकडे राहतो.

"माप किती कमी पडतंय?" आप्पांनी विचारलं. हिशेब केला, साधारण १२ मिलिमीटर. बोटभरसुद्धा नाही! "मग कॅमेरा आत सरकत नसेल, तर चित्र बाहेर सरकवा की," ते म्हणाले.

चित्र बाहेर सरकवणारी वस्तू आमच्या पेटीतच होती. बार्लो भिंग! इंग्रज गणिती पीटर बार्लो यांच्या नावाचं हे अंतर्गोल भिंग. शनीची कडी मोठी दिसावीत म्हणून लोक ते विकत घेतात. पण ते आणखी एक काम करतं. एकत्र यायला निघालेल्या किरणांना ते थोडं फाकवतं, त्यामुळे किरण आणखी पुढे जाऊन भेटतात. आमच्या भिंगाचं नाभीय अंतर १०० मिलिमीटर. त्याची सबंध नळी वापरली, तर सेन्सर भिंगापासून १०० मिलिमीटरवर येतो. चित्र दुप्पट होतं आणि ५० मिलिमीटर बाहेर सरकतं. भिंगाचा पुढचा आटा सोडवून तेवढंच कॅमेऱ्याच्या नळीला लावलं, तर सेन्सर ५० मिलिमीटरवर राहतो. चित्र दीडपट होतं आणि सुमारे १७ मिलिमीटर सरकतं. आम्हाला हवे होते १२. उरलेले ५ बटण फिरवून जुळले.

याची किंमतही मोजावी लागते. ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत सूर्यबिंबाचं चित्र सुमारे ३.७ मिलिमीटरचं पडतं, दीडपटीने ते ५.५ होतं. आमचा सेन्सर ४.८ बाय ३.६ मिलिमीटरचा, म्हणजे अख्खा सूर्य त्यात मावत नाही. तुकडे घेऊन जोडावे लागतात. तोच प्रकाश सव्वादोन पट जागेवर पसरतो, म्हणून प्रकाशन तितकंच वाढवावं लागतं. वाऱ्याने तिवई हलली, तर थरथरही दीडपट. म्हणून कामापुरतंच वाढवावं. तिप्पट-चौपटीच्या नादी लागू नये.

दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. फोकस नेहमी सूर्याच्या कडेवर जुळवावा. कडा सुरीसारखी धारदार झाली, की मग प्रकाशन वाढवून ज्वाला शोधाव्यात. आणि हे काम सकाळीच उरकावं. गच्ची तापली, की हवा उकळल्यासारखी हलते आणि चित्रही. उन्हात पडदा दिसत नाही. जुन्या फोटोग्राफरसारखं काळ्या कापडाखाली डोकं घालावं.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. हे सारं सूर्यासाठीच बनवलेल्या, गाळणी बसवलेल्या दुर्बिणीबद्दल आहे. साध्या दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिलं, तर क्षणात डोळा कायमचा जातो. बार्लो भिंग म्हणजे गाळणी नव्हे. आणि मूळ गाळणी काढून प्रयोग तर कधीच करू नये.

त्या सकाळी आप्पांना खुर्चीवर बसवलं आणि काळं कापड त्यांच्या डोक्यावरून लॅपटॉपवर ओढलं. शेजारच्या नातीने बटण हळूहळू फिरवलं. कडा आवळली आणि कडेवर एक कमान उभी राहिली.

"आपली पृथ्वी केवढी म्हणायची इथे?" कापडाखालून आवाज आला.

सूर्याच्या व्यासावर १०९ पृथ्वी ओळीने मावतात. नातीने त्यांचं बोट धरून कमानीशेजारी पडद्यावर टेकवलं. "तुमच्या नखापेक्षा लहान, आजोबा."

आप्पा बराच वेळ कापडाखालून बाहेर आले नाहीत. मुलांनीही घाई केली नाही.