बंदूक ठेवली, नांगर धरला

जायकवाडीचा डावा कालवा आपल्या जालना जिल्ह्यातून जातो. कालव्याचे पाणी कोणाच्या शेतात जाते? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, तो त्याच पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला कोयता घेऊन जातो. कालवा आला म्हणून भूमिहीन माणूस शेतकरी होत नाही. परंतु याच देशात एका ठिकाणी कालवा आणि जमीन ही दोन्ही एकाच वेळी अस्पृश्य मानलेल्या शिपायांच्या हाती आली होती. ती हकीकत पंजाबची आहे आणि आपल्या वाचकांना ती फारशी ठाऊक नाही.

पंजाबात चुहडा म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजातून जे शीख झाले, त्यांना मजहबी शीख म्हणतात. धर्म बदलला तरी गावाने त्यांना जवळ केले नाही. विहीर वेगळी, वस्ती वेगळी, काम झाडलोटीचे आणि जाटांच्या शेतात राबण्याचे. १८५७ साली माधोपूर येथे कालव्याच्या कामावर असे कित्येक मजहबी मजूर खोदकाम करीत होते. बंडामुळे इंग्रजांना माणसांची निकड लागली आणि या कुदळवाल्यांच्या हाती बंदूक आली. ते दिल्लीच्या वेढ्यात लढले. पुढे त्यांच्या २३, ३२ आणि ३४ क्रमांकाच्या पायोनियर पलटणी झाल्या. पायोनियर म्हणजे वेळ पडली तर लढणारा, एरवी डोंगर फोडून रस्ता करणारा शिपाई.

१८९२ साली चिनाब नदीचा मोठा कालवा सुरू झाला. पाऊस नसलेल्या पडीक रानात पाणी आले आणि तेथे सरकारने नव्या वसाहती वसवल्या. बहुतेक जमीन पंजाबातल्या शेतकरी जातींना दिली. मात्र काही जमीन पलटणीतून निवृत्त झालेल्यांसाठी होती आणि त्यात मजहबी पायोनियरही आले. ज्यांनी कालवा खणला, त्यांच्याच जातभाईंना कालव्याखालची जमीन मिळाली. (ते रान अगदीच रिकामे नव्हते. तेथे गुरे चारणारे लोक पिढ्यान् पिढ्या फिरत होते. त्यांना हटवूनच वसाहत झाली, हेही लक्षात ठेवले पाहिजे.)

तेथील जमिनीचा चौकोनी तुकडा सुमारे २८ एकरांचा असे. त्याला मुरब्बा म्हणत. आपल्या घरातला आवळ्याचा मुरब्बा नव्हे! गावाला नावाऐवजी बहुधा नंबर असे आणि त्याला चक म्हणत. घरांच्या जागा, रस्ते, विहीर, सगळे आधी कागदावर आखलेले. पेन्शनर शिपाई आपले बिऱ्हाड घेऊन तेथे पोचला की समोर काय दिसे? काटेरी झुडपे आणि उघडे माळरान. पहिले काम झुडपे तोडण्याचे. मग जमीन सपाट करायची, बांध घालायचे आणि कालव्याच्या तोंडापासून शेतापर्यंत पाट खणायचा. पाण्याची पाळी ठरलेली असे. पाळी मध्यरात्री आली तर कंदील घेऊन मध्यरात्रीच जायचे, कारण चुकली की पुढच्या फेरीपर्यंत पीक तहानलेले. पलटणीत पहारा दिलेल्या माणसाला हे नवे नव्हते. घरच्या बाईचे कष्ट मात्र सरकारी कागदांत फारसे सापडत नाहीत. गहू, कापूस, ऊस पिकला तो तिच्याही हातांनी.

अटी कडक होत्या. गावातच राहायचे, जमीन विकायची नाही. मालक सरकार, शिपाई नुसता कसणारा. १९०७ साली वसाहतीच्या नव्या कायद्याविरुद्ध सगळे शेतकरी खवळले, तेव्हा व्हाइसरॉयला तो कायदा नामंजूर करावा लागला. १९१२ च्या कायद्याने पुढे मालकी विकत घेण्याची वाट खुली झाली.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९०० च्या जमीन कायद्याने पंजाबात ‘शेतकरी जाती’ ठरवून दिल्या होत्या. शेतकरी जातीची जमीन यादीबाहेरच्या माणसाने विकत घ्यायची नाही. म्हणजे दलिताने पै पै साठवली तरी त्याला शेत घेणे जवळजवळ अशक्य. परंतु १९११ साली गुजरांवाला आणि लायलपूर या दोन जिल्ह्यांत मजहबींची नोंद शेतकरी जात म्हणून झाली. जातीने जे नाकारले होते, ते तेवढ्या दोन जिल्ह्यांत सरकारी कागदावर आले. बाकी पंजाबात त्यांचे भाऊबंद शेतमजूरच राहिले. १९४७ च्या फाळणीत ते दोन्ही जिल्हे पाकिस्तानात गेले.

आता आपल्याकडे पाहा. महार शिपाई कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत कितीतरी आधीपासून होता. कोरेगावच्या स्तंभावर ४९ नावे आहेत, त्यांतली २२ ‘नाक’ने संपतात. हवालदार, जमादार, सुभेदार झालेली माणसे निवृत्त झाली. त्यांनी शेती का केली नाही? कारण मुंबई इलाख्यात गावी जमीन होती ती वतनाची. ती कसायची तर महारकी करायची, पाटील-कुलकर्ण्यांचे निरोप पोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे. सुभेदाराचा डगला उतरवून येसकराची काठी कोण हाती घेईल? म्हणून पुष्कळजण गावी न जाता दापोलीच्या कॅम्पात राहिले. गोपाळबाबा वलंगकर तेथे स्थायिक झाले. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर कुटुंब घेऊन आधी तेथेच गेले. शिक्षण होते, पेन्शन होती, पण पायाखाली नांगरायला जमीन नव्हती. पुढे भरती बंद झाली तेव्हा पुढच्या पिढीची पेन्शनही गेली.

बाबासाहेबांनी १९२८ साली वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या गाठीवरच घाव घालण्यासाठी. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत तर सरळ मागणी झाली: अस्पृश्यांची स्वतंत्र गावे वसवा, त्यासाठी वसाहत आयोग नेमा, पडीक सरकारी जमीन द्या आणि केंद्राने दरवर्षी किमान ५ कोटी रुपये द्यावेत. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४१ मध्ये, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली होती. बंदूक परत मिळाली. स्वतंत्र गावे मिळाली नाहीत.

जालन्यात गेल्या शतकाआधीच एक वेगळी वसाहत झाली होती. रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी सालारजंगांकडून जमीन मिळवून बेथेल वसवले. मांग-महारांतून ख्रिस्ती झालेली कुटुंबे तेथे गावकुसाच्या धाकाबाहेर राहू लागली. बाकीच्यांच्या वाट्याला आले गायरान, तेही लढून. डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात देशभर लाखो माणसे तुरुंगात गेली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलितांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला तो २८ नोव्हेंबर १९९१ रोजी.

ज्या घरात आजोबांचे डिस्चार्ज बुक पेटीत जपून ठेवले आहे, त्या घराने सातबाराही काढून पाहावा. सरकारने दिलेली जमीन बहुधा ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंदलेली असते. ती परवानगीशिवाय विकता येत नाही. या अटीला पुष्कळजण कंटाळतात. पण कर्जापायी कोरा कागद पुढे करणाऱ्या सावकाराला आजवर अडवले आहे, ते बहुतेक वेळा याच अटीने.