रुग्णाशी बोलताना थांबायचं कसं? – संवादातील शांततेचे महत्त्व



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे. आजोबांची शुगर, आईचे गुडघे, मुलाचा वारंवार येणारा ताप. आपण त्यांना दवाखान्यात नेतो, शेजारी बसतो आणि बऱ्याचदा त्यांच्या वतीने बोलतोही. रुग्णाशी काय बोलावं हे सगळेच सांगतात. पण बोलताना कुठे थांबावं, किती थांबावं, हे सहसा कुणी सांगत नाही.

उपचारात्मक संवाद म्हणजे काय?

रुग्णाला बरं वाटावं, त्याने मनातलं सांगावं आणि त्यातून उपचाराला मदत व्हावी म्हणून जाणीवपूर्वक केलेलं बोलणं म्हणजे उपचारात्मक संवाद. अमेरिकेतील परिचारिका हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्यावर पुस्तक लिहिलं. हे नातं हाच उपचाराचा एक भाग आहे, असा त्यांचा विचार होता. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना या संवादाची जी तंत्रे शिकवतात, त्यात 'शांत राहणे' हेसुद्धा एक तंत्र आहे. आपल्याकडे एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमातही २०१९ पासून संवादकौशल्याचा स्वतंत्र भाग आला आहे.

तीन सेकंद एवढे मोठे का वाटतात?

२००९ मध्ये जगातील दहा भाषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मराठी नव्हती, पण निष्कर्ष आपल्याला ओळखीचा वाटेल. साध्या प्रश्नाला उत्तर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात येतं. म्हणजे प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर सुरू! या सवयीमुळे दोन-तीन सेकंद कुणी बोललं नाही की आपण अस्वस्थ होतो आणि काहीतरी बोलून ती जागा भरतो.

वर्गातही हेच होतं. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांना आढळलं की, शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात. ती वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि 'माहीत नाही' म्हणणं कमी झालं. आजारी माणसाला तर त्याहून जास्त वेळ लागतो. त्याला प्रश्न समजून घ्यायचा असतो, आठवायचं असतं आणि 'हे सांगू की नको' हेही ठरवायचं असतं.

दवाखान्यात काय घडतं?

१९८४ मध्ये हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी अमेरिकेतील डॉक्टर-रुग्ण संभाषणे तपासली. रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्येच बोलत होते. मग न अडवता बोलू दिलं तर रुग्ण किती वेळ घेतील? स्वित्झर्लंडमधील बासेल येथे हे पाहिलं गेलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३३५ रुग्ण होते. ते सरासरी ९२ सेकंद बोलले आणि ७८ टक्के रुग्णांचं बोलणं दोन मिनिटांत संपलं. बघा, 'एकदा बोलू दिलं की थांबणारच नाहीत' ही भीती किती खोटी आहे!

अर्थात आपल्याकडची अडचण वेगळी आहे. २०१७ मध्ये अनेक देशांतील आकडे एकत्र करून एक अभ्यास झाला. त्यानुसार स्वीडनमध्ये प्राथमिक तपासणीला सरासरी २२ मिनिटांहून जास्त वेळ मिळतो, तर भारतात साधारण दोन मिनिटं. बाहेर पन्नास जण रांगेत असताना डॉक्टरांनी दीड मिनिट गप्प बसावं, ही अपेक्षा सोपी नाही. म्हणूनच हे कौशल्य आपल्यालाही यायला हवं. रुग्णाला लागणारा वेळ आपण आदल्या रात्री घरी देऊ शकतो.

एक उदाहरण

समजा, एका आजोबांना बीपीचा त्रास आहे. सोबत सूनबाई आल्या आहेत. सिस्टर विचारतात, "आजोबा, गोळ्या रोज घेता ना?"
सूनबाई लगेच, "हो हो, रोज देतो आम्ही."
संवाद संपला. आता हाच प्रसंग असा पाहा.

"आजोबा, गोळ्यांचं कसं चाललंय?"
"चाललंय की."
सिस्टर काही बोलत नाहीत. आजोबांकडे बघत थांबतात. सूनबाईही थांबतात.
"पण... संपल्या की राहतात आठ-पंधरा दिवस. पोराला सारखं सारखं काय सांगायचं?"

पहिल्या संवादात डॉक्टर गोळीचा डोस वाढवण्याची शक्यता आहे. दुसऱ्यात खरं कारण कळतं. गोळी काम करत नाही असं नाही, गोळी पोटातच जात नाही. आणि हे कळलं ते फक्त तीन-चार सेकंद थांबल्यामुळे.

शांततेचे तीन प्रकार

अँथनी बॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये गंभीर आजाराच्या रुग्णांसोबतच्या शांततेचे तीन प्रकार सांगितले. सोप्या भाषेत ते असे :

१. अवघडलेली शांतता : काय बोलावं सुचत नाही म्हणून गप्प. रुग्णालाही ती टोचते.
२. बोलायला बोलावणारी शांतता : 'तुम्ही सावकाश सांगा, मी ऐकतोय' असं न बोलता सांगणारी.
३. सोबतीची शांतता : बोलण्यासारखं काही उरलेलं नसतं, तरी कुणीतरी जवळ असतं.

वाईट बातमी कळल्यावर दुसरी आणि तिसरी शांतता फार लागते. 'गाठ कॅन्सरची आहे' हे ऐकल्यावर पुढची वाक्यं डोक्यात शिरत नाहीत. अशा वेळी आपण काय करतो? "काही होत नाही, रडू नका, शेजारच्या काकांना पण झाला होता." हेतू चांगलाच असतो, पण रुग्णाचं बोलणं तिथेच अडतं. त्यापेक्षा शेजारी बसा. थोड्या वेळाने एवढंच विचारा, "आत्ता मनात काय चाललंय?" आणि पुन्हा थांबा.

हे कसं करायचं?

- एका वेळी एकच प्रश्न विचारा. मग मनात 'एक... दोन... तीन... चार...' मोजा.
- मोबाईल बाजूला ठेवा. उभ्याने नाही, शेजारी बसून बोला. नुसतं गप्प राहून स्क्रीनकडे बघणं ही शांतता नव्हे, दुर्लक्ष आहे.
- अधूनमधून 'हं', 'बरं' म्हणा, किंवा त्यांचाच शेवटचा शब्द परत म्हणा. "राहतात?"
- औषधाची सूचना देताना एक सांगा, थांबा, मग "आता मला सांगा बरं, ही गोळी कधी घ्यायची?" असं विचारून पुढे जा.
- पक्षाघातानंतर काहींना शब्द सापडायला वेळ लागतो. त्यांचं वाक्य आपण पूर्ण करू नका.
- मुलांच्या बाबतीतही हेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा डॉक्टर मुलाला विचारतात आणि उत्तर आपण शिक्षक देतो! आधी मुलाला बोलू द्या, राहिलेलं आपण नंतर सांगू.

कुठे थांबू नये?

छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं अशा वेळी वाट बघायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. उत्तर आलं नाही तर ऐकू आलं का, हेही तपासा. वयात आलेली मुलं आईवडिलांसमोर गप्प असतील तर त्यांना डॉक्टरांशी एकटं बोलू द्या. आणि कुणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर गप्प राहू नका. "जीव द्यायचा विचार येतो का?" असं स्पष्ट आणि मायेनं विचारा, त्यांना एकटं सोडू नका आणि मदत घ्या. टेलिमानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते.

घरी करून बघा

पुढच्या वेळी घरातल्या कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल, तर आदल्या रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसा. "उद्या डॉक्टरांना काय काय सांगायचंय?" एवढंच विचारा. पहिलं उत्तर आलं की लगेच उठू नका, थोडं थांबा. नंतर जे येईल ते कागदावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी तो कागद त्यांच्याच हातात द्या.