शिष्यवृत्तीचा पैसा : हक्क आणि हिशेब

दहावीनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या मदतीला आपल्याकडे अजूनही 'भारत सरकार शिष्यवृत्ती' असेच म्हणतात. पुष्कळ विद्यार्थी तिला सरकारची मेहरबानी समजतात आणि कॉलेजच्या खिडकीपुढे मान खाली घालून उभे राहतात. म्हणून आधी तिचा उगम सांगणे भाग आहे. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारपुढे ठेवले. उच्च शिक्षणासाठी पैशाची तरतूद ही त्यातली एक मागणी होती. वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले आणि १९४४ पासून योजना सुरू झाली. धर्मांतरानंतर बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळत नव्हत्या. १९९० च्या कायद्याने तो अडसर दूर झाला. अर्ज घेऊन रांगेत उभे राहताना एवढे ध्यानात असू द्यावे.

पण हक्काच्या पैशालाही हिशेब असतो, आणि बँकेच्या काउंटरवर बसून मला जे दिसते ते असे की नेमका तो हिशेबच मुलांना कोणी सांगत नाही.

या शिष्यवृत्तीत दोन वेगवेगळे पैसे असतात. एक, कॉलेजचे सक्तीचे शुल्क. दुसरा, विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता. २०२१ च्या नियमांप्रमाणे पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते, आणि बी.ए. सारख्या साध्या पदवीला घरून ये-जा करणाऱ्यास वर्षाला ३,००० रुपये, वसतिगृहात राहणाऱ्यास ६,००० रुपये भत्ता आहे. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. राज्याने आपला वाटा दिल्याशिवाय केंद्राचा सुटत नाही, आणि केंद्राचा वाटा सरळ विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. पासबुकावर आकडा एकच उमटतो, मालक मात्र दोन असतात. भत्ता तुमचा, तो वह्यांवर खर्च करा की एस.टी.च्या पासवर, कोणी विचारणार नाही. शुल्काची रक्कम मात्र सात दिवसांच्या आत कॉलेजात भरून पावती घ्यायची असते.

इथेच घोटाळा होतो. पैसे कधी येतील याचा नेम नाही. ते ऐन पेरणीच्या तोंडावर आले, तर सोयाबीनचे बियाणे आधी दिसते. घरात आजारी माणूस असेल तर बोलायलाच नको. बापाला दोष देण्यात अर्थ नाही. खात्यात पैसे आहेत आणि दुकानदार दारात आहे, अशी ती वेळ असते. पण वर्षअखेर कॉलेज शुल्क मागते तेव्हा मुलाच्या हातात काही नसते. एक हुशार मुलगी मला माहीत आहे. पुढचा प्रवेश या एका कारणाने लांबला. म्हणून पैसे जमा झाल्याचा संदेश आला की घरच्यांना त्याच दिवशी सांगावे, यातले इतके आपले आणि इतके कॉलेजचे.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. थकलेले शुल्क मागण्याचा कॉलेजला अधिकार आहे, पण त्यासाठी मूळ गुणपत्रिका किंवा टी.सी. अडवून ठेवण्याचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये तसे बजावले आहे. तोंडी भांडू नये. प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. आवक क्रमांकाची किंमत कारकुनालाच ठाऊक असते!

विद्यार्थ्याची बंधनेही आहेत. ७५ टक्के हजेरी लागते. एका वेळी दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडले तर घेतलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते. खोटा उत्पन्नाचा दाखला जोडला तर शिष्यवृत्ती रद्द होऊन वसुली होते. केंद्राच्या जुन्या नियमावलीत संपात भाग घेणे हेसुद्धा गैरवर्तनात मोडत होते आणि त्यासाठी शिष्यवृत्ती थांबवता येत होती. चळवळीतून जन्मलेल्या योजनेत हे कलम असावे, हे मला कधीच पटले नाही.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. 'आधार जोडले आहे, तरी पैसे आले नाहीत' ही तक्रार दर आठवड्याला येते. बँकेत आधारची झेरॉक्स देणे वेगळे आणि सरकारी पैसे कोणत्या खात्यात जावेत याची नोंद होणे वेगळे. ती नोंद एका वेळी एकाच बँकेची असते. जिची शेवटची, तिच्यात पैसे जातात. मोबाईलच्या दुकानात गंमत म्हणून दुसरे खाते उघडले की पैसे तिकडे वळतात आणि विद्यार्थी इकडे चकरा मारतो. आधी आपली नोंद कोणत्या बँकेत आहे ते तपासा. शिष्यवृत्तीसाठी उघडलेले शून्य शिलकीचे खाते दोन वर्षे व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय ठरवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. कोणी 'खाते बंद पडले' म्हटले तर हे सांगा. महाडीबीटीचा पासवर्ड आणि मोबाईलवर येणारा ओटीपी फॉर्म भरून देणाऱ्याकडे ठेवू नका.

कनेरगाव नाक्याच्या मुलांना एक जास्तीची अडचण आहे. आपण मराठवाड्याच्या वेशीवर. काही मुले हिंगोलीला जातात, म्हणजे नांदेडच्या विद्यापीठात. काही वाशिमला, म्हणजे अमरावती विद्यापीठात. दाखले हिंगोली जिल्ह्याचे असले तरी अर्ज कॉलेजमार्फत, कॉलेज ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे जातो. वाशिमच्या कॉलेजचा अर्ज अडला तर हिंगोलीच्या कार्यालयात दिवस घालवू नये. आणि शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास स्वाधार योजनेचा अर्ज वेगळा भरावा लागतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला म्हणजे तोही भरला गेला, असे होत नाही.