घशावरील शस्त्रक्रियेतील शुद्धिहरण

ग्रसनी व स्वरयंत्र यांवरील शस्त्रक्रियेत शस्त्रक्रियेची जागा व श्वसनमार्ग एकच असल्याने शुद्धिहरणतज्ञ व शल्यचिकित्सक यांना तो वाटून घ्यावा लागतो. सामान्यतः प्रथम औषधांनी शुद्ध हरपवून व स्नायू शिथिल करून नंतर तोंडावाटे श्वासनालात नळी घालतात. नळीभोवती फुगविलेल्या फुग्यामुळे रक्त फुप्फुसांत सहसा उतरत नाही.

सुपारी व गुटखा यांच्या सेवनाने तोंडातील श्लेष्मकलेखालील ऊतक तंतुमय होऊन तोंड उघडेनासे होते. भारतात या विकाराचे वर्णन मुंबईच्या जोशी यांनी १९५३ मध्ये केले. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या घाटी रुग्णालयात मराठवाड्यातून रुग्ण येतात. अशा ठिकाणी सुपारीच्या सवयीची पूर्वचौकशी महत्त्वाची ठरते. तोंड उघडत नसता शुद्ध हरपविल्यास श्वास थांबून काही मिनिटांत मेंदूस इजा होऊ शकते. म्हणून येथे क्रम उलटतो : रुग्ण जागा असतानाच नाक व घसा बधिर करून लवचिक दर्शकाच्या साहाय्याने नाकावाटे नळी घालतात आणि मग शुद्ध हरपवितात. तेही अशक्य असल्यास मानेत छेद घेऊन श्वासनाल उघडतात. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पूर्ण शुद्धीवर आल्यावरच नळी काढतात.