निवासी कालव्यांतील गाळउपसा आणि नौकानयनयोग्य खोली : फ्लोरिडातील कालव्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
घराच्या मागील दारातून बोटीने थेट समुद्रात जाता यावे, या आकर्षणावर अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात अनेक वसाहती उभ्या राहिल्या. लिओनार्ड व जॅक रोझेन या बंधूंनी १९५७ मध्ये जमीन खरेदी करून केप कोरल या वसाहतीचा पाया घातला. आज तेथील कालव्यांची एकूण लांबी सुमारे ४०० मैल, म्हणजे जवळजवळ ६४० किलोमीटर आहे. सखल जमिनीत कालवा खोदावयाचा आणि निघालेल्या मातीच्या भरावाने काठावरील भूखंड उंच करावयाचे, अशी ही पद्धत होती. कालवा ही भरावाच्या मातीची खाणही होती. त्यातील पाणी वाहते राहील किंवा नाही, हा विचार मागे पडला. अशा कालव्यांची खोली पूर्ववत करताना नेमके किती खणावे, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गाळ साचण्याची कारणे :
असे अनेक कालवे एका टोकास बंद असतात. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक सामान्यतः एक मीटरहून कमी असल्याने बंद टोकाकडील पाणी फारसे हलत नाही. रस्त्यावरील पावसाचे पाणी नळांतून रेती आणते, हिरवळीचे कापलेले गवत व पालापाचोळा कुजून काळा चिखल बनतो, तर काठाच्या संरक्षक भिंतीला भेगा पडल्यास मागील माती पाण्यात झिरपते. वादळे यात भर घालतात. २८ सप्टेंबर २०२२ रोजी या किनाऱ्यावर धडकलेल्या ‘इयन’ चक्रीवादळानंतर कालव्यांतून मोठ्या प्रमाणावर मोडतोड काढावी लागली.

खोलीचे गणित :
खोली भरतीच्या पाण्यावरून न ठरवता सरासरी ओहोटीच्या पातळीपासून मोजली जाते. उदाहरणार्थ, बोटीचा पाण्याखालील भाग ०.९ मीटर असेल व तळाशी ०.३ मीटर मोकळे अंतर हवे असेल, तर ओहोटीच्या वेळी १.२ मीटर पाणी आवश्यक ठरते. १०० मीटर लांब व २० मीटर रुंद कालव्यातून अर्धा मीटर थर काढावयाचा झाल्यास १००० घनमीटर गाळ निघतो. कालव्यालगत दोन्ही बाजूंस घरे असल्याने हा गाळ टाकावयाचा कोठे, हा प्रश्न खर्चाच्या दृष्टीने कळीचा ठरतो.

उपशाच्या पद्धती :
तराफ्यावरील यंत्राच्या बादलीने गाळ उचलणे ही पहिली पद्धत होय. दुसऱ्या पद्धतीत फिरत्या पात्यांनी गाळ सैल करून तो पंपाने नळीवाटे दूर नेतात. यात गाळाबरोबर पुष्कळ पाणी येते. त्यामुळे तो तळ्यात किंवा जिओटेक्स्टाईलच्या मोठ्या पिशव्यांत निथळावा लागतो.

अधिक खोलीचे दुष्परिणाम :
एकदा यंत्र आलेच आहे, तर आणखी खोल खणावे, असे रहिवाशांस वाटणे स्वाभाविक आहे. तथापि कालव्याचा तळ मुखापेक्षा खोल गेल्यास तेथे खड्ड्यासारखी स्थिती निर्माण होते. खालचे पाणी बदलत नाही, प्राणवायू घटतो आणि जलचर गुदमरतात. भिंतीच्या पायथ्याजवळ खणल्यास तिचा आधार सुटून ती कलते. उलट, मुखाशी रेतीचा उंचवटा तसाच राहिल्यास आतील संपूर्ण उपसा नौकानयनाच्या दृष्टीने व्यर्थ जातो.

कायद्याची चौकट :
नौकानयनयोग्य जलमार्गातील खोदकामावर १८९९ च्या नद्या व बंदरे कायद्याचे नियंत्रण आहे. अशा पाण्यात खणलेली माती टाकण्यासाठी १९७२ च्या स्वच्छ जल कायद्यातील कलम ४०४ लागू होते. लष्कराच्या अभियंता दलाने १९७६ मध्ये मार्को बेटावरील कालवे-वसाहतीच्या काही टप्प्यांना परवानगी नाकारली. नवे कालवे खोदणे अशा रीतीने दुष्कर झाल्याने जुन्यांची निगा राखण्याचे महत्त्व वाढले. सागरी गवत व मॅनेटी या जलचर सस्तन प्राण्याचे संरक्षणही उपशाच्या वेळी पाहावे लागते.

निष्कर्ष :
कालव्याची योग्य खोली बोटीची गरज आणि मुखाची खोली या दोहोंवरून ठरते. गाळउपसा परिणाम दूर करतो, कारण नव्हे. पावसाच्या नळांतील रेती, काठावरील कचरा व भिंतींच्या भेगा यांकडे दुर्लक्ष झाल्यास त्याच गाळासाठी रहिवाशांस पुन्हा खर्च करावा लागेल. म्हणून उपशाच्या अंदाजपत्रकातच काठाच्या देखभालीची तरतूद असणे आवश्यक आहे.